बाळंतिणीचं पाणी

माझ्या आईचा वजनकाट्यावर कधीच विश्वास बसला नाही. तिचा भरवसा चिमट्यावर. घरात कुणीही येवो, माहेरवाशीण असो की शेजारणीचं पोर, आई आधी त्याचा दंड दोन बोटांत धरायची. बोटांत मांस आलं तर तिचा चेहरा फुलायचा. नुसतं कातडं आलं तर पाहुणीच्या तोंडावर विचारायची, "काय गं, खायला घालीत नाय का तुला तिकडं?" पाहुणीला राग यायचा आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

तिच्या या खोडीमागचं कारण मला माहीत होतं, तरीही मी तिला माफ करत नव्हते. रझाकारांच्या दिवसांत आम्ही बिडकीनजवळचं आमचं गाव सोडून निजामाच्या हद्दीबाहेर, नगरच्या बाजूला एका छावणीत जाऊन राहिलो होतो. मी तेव्हा पाच-सहा वर्षांची. माझ्या पाठचा भाऊ दीड वर्षाचा होता. छावणीत तो आजारी पडला आणि पंधरा दिवसांत वाळून गेला. पुढं पोलीस ॲक्शन झाली, आम्ही परत आलो, वडील महसूल खात्यात कारकून म्हणून चिकटले आणि औरंगाबादेत दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागं मोरी असं भाड्याचं घर मिळालं. पण आईच्या डोळ्यांपुढून ते वाळलेलं पोर हललं नाही. "अंगावर मूठभर मांस असतं तर आजून चार दिस तगला असता," हे वाक्य मी तिच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल त्याला गणती नाही. तब्येत चांगली म्हणजे अंग भरलेलं. तिच्या लेखी दुसरा अर्थच नव्हता.

मी मात्र शाळेत जाऊन शहाणी झाले होते. आमच्या शाळेत पुण्याहून एक नवीन बाई आल्या होत्या. पाचवारी पातळ नेसायच्या, कंबर एवढीशी, चालणं ताठ. आम्ही मुली त्यांच्याकडं बघत राहायचो. त्या कवायत घ्यायच्या आणि म्हणायच्या की सुटलेलं शरीर हे आळसाचं लक्षण आहे. झालं, मी घरी येऊन अर्ध्या भाकरीवर आले. आई ताटात तूप वाढायची, मी ते कडेला सारायची. "असंच करत राहा, पुढं एखाद्या दिवशी वाऱ्यानं उडून जाशील," ती म्हणायची. "आणि तू खात राहा, दारातून आत यायची नाहीस," मी म्हणायची. वडील वर्तमानपत्र तोंडापुढं धरून बसायचे. शरीर या विषयावर आईचं आणि माझं एकाही बाबतीत जमत नव्हतं. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढं एकाच बाबतीत जमलं.

माझा थोरला भाऊ अजिंठ्याला शाळेत मास्तर होता, शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं घरी यायचा. त्याच्यासाठी आईनं मुलगी पसंत केली ती पिशोरची. बघायला गेलो तेव्हा पुरुष मंडळी बाहेर पोह्यांवर होती आणि आत बायकांत आईनं मुलीला जवळ बसवून घेतलं, पदर नीट करायचं निमित्त काढलं आणि दंड धरला. मी पाहत होते. आईच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की मला वाटलं, आता ही इथंच साखर वाटणार. "खात्यापित्या घरची हाय," ती परतीच्या वाटेवर वडिलांना म्हणाली, "दुकाळ पडला तरी टिकंल." मुलीला आई नव्हती, लहानपणीच गेली होती. त्याचंही आईला वाईट वाटलं नाही. उलट म्हणाली, माहेरची ओढ कमी राहील.

वहिनी माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठी. गोल चेहरा, गोरे भरलेले हात, हसली की डोळे मिटायचे. मला "वन्सं" म्हणायची, आणि मी तिच्यासमोर शाळेतल्या बाईंसारखी ताठ चालून दाखवायची तेव्हा तोंडाला पदर लावून हसायची. मला ती आवडायची. पण तिच्या शरीराची मला थोडी लाज वाटायची, हेही खरं आहे. मैत्रिणी घरी आल्या की मला वाटायचं, वहिनी जरा बारीक असती तर बरं झालं असतं.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माहेरी करणारं कुणी नव्हतं, म्हणून ते आमच्याकडंच ठरलं. पोटुशी असताना ती पाणी फार प्यायची. तांब्या तोंडाला लावला की रिकामाच खाली यायचा. कुणाला त्यात काही वाटलं नाही. दोन जीवांची आहे, लागायचीच तहान. दिवस भरले आणि मुलगी झाली. केवढी मुलगी! सुईण म्हणाली, इतकी बाळंतपणं केली, पण असलं गुटगुटीत लेकरू हाती लागलं नव्हतं. मनगटावर, मांड्यांवर वळ्या. मुलगी झाली म्हणून नाक मुरडायला आलेल्या बायकाही बाळ बघून गप्प झाल्या. आईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. बाळाच्या मांडीला चिमटा घेऊन तिनं छावणीतल्या माझ्या भावाचं नाव घेतलं आणि रडली. आज मला कळतं की इतकं मोठं बाळ हीच एक खूण होती. पण तेव्हा त्या बाळाकडं बघून घाबरायचं असतं, हे आमच्या सात पिढ्यांत कुणाला ठाऊक नव्हतं.

आता पाण्याचं सांगते. आमच्याकडं बाळंतिणीला पाणी मोजून देत. ओली बाळंतीण पाणी प्यायली की पोट सुटतं आणि एकदा सुटलं की जन्मभर लोंबतं, असं मानायचे. म्हणून पोटाला जुन्या लुगड्याचा पट्टा करकचून बांधायचा, बाजेखाली शेगडी ठेवायची, आणि प्यायला द्यायचं ते सुंठ घालून उकळून आटवलेलं पाणी, सकाळी एक फुलपात्र आणि संध्याकाळी एक. बाकी खाण्यात हात आखडायचा नाही. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तूप-गुळाचा शिरा. आईनं तिन्ही बाळंतपणं अशीच काढली होती. तिचे दंड, मांड्या भरलेल्या होत्या, पण पोट मात्र सपाट होतं, आणि त्याचा तिला फार अभिमान होता. वहिनीला सोयर होतं, सव्वा महिना तिनं स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नव्हतं, माठाला, हंड्याला हात लावायचा नव्हता. पाणी हवं असेल तर ते दुसऱ्याच्या हातानंच मिळायचं. दुसरं म्हणजे आई किंवा मी.

दुसऱ्या दिवसापासूनच वहिनी पाणी मागायला लागली. आधी हळू, लाजत. "वन्सं, जरासं पाणी." मी आईकडं बघायची, आई मान हलवायची. चौथ्या दिवशी आई बाजारात गेली होती तेव्हा मी तिला तांब्याभर गार पाणी नेऊन दिलं. ती ते इतक्या घाईनं घटाघटा प्यायली की अर्धं छातीवर सांडलं. माझा हात धरून म्हणाली, "देवानं तुम्हाला सोन्यासारखा नवरा द्यावा." मी हसले.

दुसऱ्या दिवशी पट्टा सोडून अंघोळ घालताना आईला तिचं पोट वाढलेलं दिसलं. खरंच वाढलं होतं की तिला वाटलं, देव जाणे. तिनं मला बाहेर बोलावलं आणि काय ते ओळखून म्हणाली, "पाणी दिलंस ना? बघ जा, जाऊन बघ पोट. तुमच्या त्या पुण्याच्या बाईसारखी कंबर पाहिजे ना तुला? मग तिची का वाया घालवतीस?"

मी आत जाऊन बघितलं. ते ढिलं, सुरकुतलेलं पोट बघून मला शिसारी आली. खरं सांगायचं तर तीच आली, दया नाही. आणि मला आईचं पटलं. आयुष्यात पहिल्यांदा. ती म्हणत होती पोट सुटू नये, आणि मलाही तेच हवं होतं. तिची कारणं जुनी, माझी नवी, पण दोघींनी मिळून एक गोष्ट ठरवली. मी पाणी द्यायचं बंद केलं.

कुणाला वाटेल की मी आईच्या धाकानं केलं असेल. नाही. मी आईला कधीच भ्यायले नाही. मी वहिनीच्या भल्यासाठीच केलं.

बारसं झालं तोवर वहिनी उतरायला लागली होती. गालांची हाडं दिसायला लागली, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. आई हबकली आणि तिनं लाडू दुप्पट केले. मी मात्र खूश झाले. एक दिवस मी तिला माझा लहान आरसा नेऊन दिला आणि म्हणाले, "वहिनी, बघा तरी, किती छान दिसताय. कंबर आली तुम्हाला." तिनं आरशात बघितलं आणि केस सारखे केले. तिचे ओठ फुटले होते. "खरंच?" म्हणाली. मग आरसा परत देताना म्हणाली, "वन्सं, एक घोट द्या ना."

मी म्हणाले, "आता इतकं जमलंय ते घालवू नका."

मग मोरीत मुंग्या झाल्या. काळ्या, बारीक, भिंतीच्या फटीतून रांग लागलेली. वहिनी दिवसातून कितीदा तरी मोरीकडं जायची, आणि ती जाऊन आली की तासाभरात तिथं मुंग्यांचं वारूळ. आईनं डबा उघडून लाडू बघितले आणि मग वहिनीला फैलावर घेतलं. "लाडू घेऊन मोरीत जातीस व्हय गं? सांडत सांडत खातीस? मागून खायला काय होतं?"

"नाय आत्याबाई," वहिनी म्हणाली, "मला तर लाडू गिळवत बी नाय. तोंडात थुंकीच नाय."

"मग मुंग्या काय माझ्या आल्या?"

मी राख टाकली, हळद टाकली, उकळतं पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी मुंग्या पुन्हा हजर. हंडाभर पाणी मी त्या मुंग्यांवर ओतलं असेल त्या आठवड्यात.

शुक्रवारी दुपारी बाळाला अंघोळ घालायची म्हणून मी बादलीत कोमट पाणी काढून बाळंतिणीच्या खोलीत ठेवलं आणि पंचा आणायला गेले. परत आले तर वहिनी बाजेवरून उतरून बादलीपाशी उकिडवी बसली होती. ओंजळीनं पाणी पीत होती. एका मागून एक ओंजळ, गुरासारखा आवाज करत. तिनं मला बघितलं तरी ती थांबली नाही. मग थांबली. तोंड पुसलं आणि म्हणाली, "आत्याबाईंना नका सांगू."

मी जाऊन आईला सांगितलं.

त्यानंतर बाळाची अंघोळ स्वयंपाकघरात व्हायला लागली. बादली आत न्यायची नाही असं ठरलं. पुढचे दोन दिवस वहिनी डोळे मिटून पडून राहायची. श्वास जोरात चालायचा. शनिवारी भाऊ आला, तर तोही नियमाप्रमाणं उंबऱ्यातूनच बाळाला बघून बाहेर गेला. "झोपलीय, बाळंतीण झोपतीच," आई त्याला म्हणाली.

रविवारी सकाळी मी बाळाला दूध पाजायला तिच्या कुशीत ठेवलं, तर तिनं हात हलवला नाही. मी जवळ वाकले. तिच्या तोंडाला वास येत होता, पिकून नासायला आलेल्या सीताफळासारखा गोड. मी हाक मारली, हलवलं. मग आरडाओरडा करून भावाला बोलावलं. टांगा आणला, तिला उचलून त्यात घातलं. भावाला ती एकट्यानं उचलता आली. लग्नात तिला उचलून घ्यायची मस्करी झाली होती तेव्हा तो लाजून म्हणाला होता, मला कुठली पेलते. सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली होती. टांग्यात मी तिच्या ओठांना ओला पदर लावत होते, तो तिनं चोखला नाही.

बाळंतवात झाला, असं आम्ही लोकांना सांगितलं. लोकांनीही ऐकून घेतलं. तेव्हा बायका बाळंतपणात जायच्याच. भावानं वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं आणि अजिंठ्यालाच संसार थाटला. मुलगी आमच्याकडं राहिली. मी शिकले, शाळेत शिक्षिका झाले, लग्न केलं नाही. त्यागबिग काही नाही, जमलं नाही आणि मुलीला सोडवेनाही. माझ्या उभ्या आयुष्यात माझं म्हणावं असं माणूस ती एकच.

पुढं बरीच वर्षं गेली. साठी उलटल्यावर आईचं अंग एकाएकी उतरायला लागलं. मी तिला एका डॉक्टरांकडं नेलं. ते कागदावर लिहीत विचारत होते. तहान फार लागते का? लघवीला वारंवार जावं लागतं? खाऊनही वजन उतरतं? तोंड कोरडं पडतं? आई "व्हय" म्हणत गेली. मग त्यांनी मान वर न करता विचारलं, "लघवी केल्या जागी मुंग्या येतात?"

आई "व्हय" म्हणाली नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं. डॉक्टरांनी प्रश्न परत विचारला. आमच्या दोघींचंही त्याच्याकडं लक्ष नव्हतं.

परत येताना क्रांती चौकात रिक्षा अडकली तेव्हा आई म्हणाली, "तिच्या पोरीला सांगू नको." बस, एवढंच. त्यानंतर आई सात-आठ वर्षं जगली. चिमटा घेणं मात्र तिनं त्या दिवसापासून सोडलं. कुणी बारीक येवो, जाड येवो, ती हात मांडीखाली घेऊन बसायची.

मी शब्द पाळला. आईसाठी नव्हे, माझ्यासाठी. पोरीला कळलं तर ती माझी राहणार नाही, ही भीती मला रोज होती.

आता मी ऐंशी ओलांडली आहे. शहराचं नाव बदललं, नळाला पाणी चार-सहा दिवसांनी येतं, आणि तब्येतीचे नियम तर पार उलटेपालटे झाले. माझी ही भाची स्वतः साठीची झाली, तिला सून आली. लहानपणी आजीनं तिला तूप चारून गोल ठेवलं, तरुणपणी तिनं उपास करकरून स्वतःला वाळवलं, आणि आता ती सकाळी मैदानावर चालायला जाते. दर रविवारी माझ्याकडं येते. आली की चपला काढता काढता, "आत्या, पाणी!" म्हणते, आणि माझ्या माठातलं गार पाणी दोन पेले पिते. तुझ्या माठाची चव कुठं नाही, म्हणते. तिच्या पर्समध्ये एक उभी बाटलीही असते, तिच्यावर रेघा मारलेल्या, किती वाजेपर्यंत कुठवर प्यायचं याच्या. "तू पण जास्त पाणी पीत जा आत्या. पाण्यानं पोट कमी होतं." हे तिनं पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मी उठून आत गेले होते.

मागच्या वर्षी एका रविवारी ती आली, दोन पेले पाणी प्यायली आणि म्हणाली, "मला शुगर निघाली. डॉक्टर विचारत होते, घरात कुणाला होती. आजीला होती ते सांगितलं. आत्या, आईला होती का गं?"

साठ वर्षांत तिनं आईबद्दल फार विचारलं नव्हतं. मी "नाही" म्हणू शकले असते. पण तिच्या तब्येतीचा प्रश्न होता, आणि 'नाही' म्हणून एकदा एक माणूस घालवून बसले आहे, असं मला वाटलं. मी सांगितलं. सगळंच सांगितलं. पट्टा, फुलपात्र, आरसा, मुंग्या. बादलीपाशी आले तेव्हा वाटलं हे गाळावं. पण तेही सांगितलं. ती हातातली बाटली नुसती फिरवत होती.

सांगून झाल्यावर मी म्हणाले, "आम्हाला माहीतच नव्हतं गं. असला रोग असतो, हे कुणाला माहीत होतं तेव्हा?"

"हो," ती म्हणाली. "रोग माहीत नव्हता. तुझा दोष नाही." मग तिनं माझ्याकडं बघितलं. तिचे डोळे तिच्या आईसारखेच आहेत. "पण आत्या, तिला तहान लागली होती, हे तर तुम्हा दोघींना माहीत होतं ना?"

"हो," मी म्हणाले.

ती उठली. माझ्या गोळ्यांचा डबा उघडून आठवड्याच्या गोळ्या नीट लावल्यात का ते तिनं बघितलं, नेहमी बघते तसं, आणि गेली.

तिचं येणं थांबलं नाही. दर रविवारी येते, औषधं आणते, माझी नखं काढून देते, सुनेच्या तक्रारी सांगते. ती यायच्या आधी मी माठ घासून गार पाणी भरून ठेवते आणि तांब्या-पेला तिच्यापुढं ठेवते. ती त्याला हात लावत नाही. पर्समधून बाटली काढते आणि तिच्यातलं पाणी पिते.